मुलींच्या हातातील आरसा

(मंडळाच्या रोहिणखेड येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मेळाव्याच्या कार्यवाहांनी दीड महिन्यापूर्वी पत्र पाठवून या भाषणाचा विषय कळविला, तेव्हा मी नकार देण्याच्याच बेतात होतो. समाजमाध्यमे आणि किशोरवयीन मुलींची देहप्रतिमा, असा तो विषय. मी जुना मॅट्रिक. आयुष्य प्राथमिक शाळेत खडू झिजविण्यात गेले. मानसशास्त्राचा माझा अभ्यास नाही आणि मोबाईलच्या बाबतीत तर घरातील सर्वांत लहान मूल माझे गुरू आहे. 'देहप्रतिमा' हा शब्दच मला दोनदा वाचावा लागला. आपण कसे दिसतो याविषयी प्रत्येकाच्या मनात जे एक चित्र असते, ते चित्र म्हणजे देहप्रतिमा, असा त्याचा अर्थ लागला. आणि अर्थ लागताच हेही ध्यानात आले की हे दुखणे माझ्या ओळखीचे आहे. माझ्या घरात ते तीन पिढ्या वावरत आले आहे. त्याला काही नाव असते, एवढेच मला ठाऊक नव्हते. तेव्हा जे घरात पाहिले तेच आपणापुढे ठेवावे, असे ठरवून उभा राहिलो आहे.

गोष्ट १९७३ सालची. माझी थोरली बहीण त्या वेळी वीस वर्षांची होती. आमचे घर कोरडवाहू शेतीचे. निंदावयास, कापूस वेचावयास तिला आईबरोबर जावे लागे, आणि घाटाखालचे ऊन कसे असते हे आपणांस सांगावयास नको. स्थळांना पाठविण्यासाठी छायाचित्र हवे म्हणून वडील तिला मलकापुरास घेऊन गेले. त्या काळी छायाचित्रकार निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवीत. निगेटिव्हवर जेथे पेन्सिलीची छटा चढे, तेथे कागदावरचा छाप उजळ उतरे. चेहऱ्यावरचे डाग जात, देवीचे व्रण बुजत, वर्ण दोन पायऱ्या वर चढे. या कामाचे पैसे निराळे पडत. वडिलांनी ते दिले.

छायाचित्र पाहून एक स्थळ चालून आले. बहिणीने पोह्यांच्या बशा पुढे केल्या. वराच्या मावशीने तिला जवळ बसवून घेतले आणि बोलता बोलता लुगड्याचा पदर पाण्यात बुडवून तिच्या गालावरून फिरविला. पावडर निघते की काय ते पाहावयास. पदर स्वच्छ निघाला. तरीही मंडळी उठताना वडिलांना म्हणाली, "फोटोत होती ती मुलगी ही नव्हे." त्या रात्री बहिणीने एकच विचारले, "बाबा, मी वाईट दिसते म्हणून ते गेले, का फोटो चांगला निघाला म्हणून?" वडिलांपाशी उत्तर नव्हते. मी तेव्हा हायस्कुलात होतो. भूमितीतील कोणताही प्रश्न सोडवीन अशी मला घमेंड होती. हा प्रश्न मात्र मला आजतागायत सुटलेला नाही. पुढे बहिणीचे लग्न चांगल्या घरी झाले, तिचा संसार सुखाचा झाला. पण त्या दिवसानंतर ती कधी राजीखुशीने छायाचित्रास उभी राहिली नाही. आमच्या घरच्या साऱ्या लग्नांतल्या छायाचित्रांत ती कोणाच्या तरी खांद्याआड आहे.

येथे एक गोष्ट नमूद करतो. वराचा वर्ण आमच्यापैकी कोणी पाहिल्याचे मला स्मरत नाही. वराची पाहिली ती जमीन आणि नोकरी. स्त्रीला एक न्याय आणि पुरुषाला दुसरा न्याय का, असा रोखठोक सवाल आपल्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' या पुस्तकात केला होता. पुस्तक निघाले त्या वेळी त्यांच्यावर टीकाच अधिक झाली. त्यानंतर ९१ वर्षांनी, त्याच जिल्ह्यात, माझ्या बहिणीच्या गालावरून ओला पदर फिरला.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या अपराधाची आहे. शाळेत कोणी पाहुणे यावयाचे असले म्हणजे स्वागतगीत बसविण्याचे काम मजकडे असे. पुढच्या रांगेत कोणत्या मुली, मागच्या रांगेत कोणत्या, ओवाळावयास तबक कोणाच्या हाती द्यावयाचे, हे सारे मी ठरवीत असे. एक वर्षी चौथीत एक मुलगी होती. गळा असा की पेटीने तिच्यामागून धावावे. तिला मी उंचीचे कारण सांगून मागच्या रांगेत उभी केली. ते कारण खोटे होते. पुढच्या रांगेतल्या दोघींहून ती बुटकी होती. काळीसावळी होती, एवढेच खरे कारण. मला त्या वेळी यात काही वावगे वाटले नाही, हे मी येथे मुद्दाम सांगतो. आपण दुष्टपणाने काही केले तर ते निदान रात्री आठवते; सवयीने केलेले आठवतही नाही. सात-आठ वर्षांपूर्वी एका दवाखान्यात ती मला परिचारिकेच्या वेषात भेटली. वाकून नमस्कार केला, माझा रक्तदाब मोजला आणि हसत हसत म्हणाली, "गुरुजी, मी तर बुटकी होते, मग मला मागं का उभं केलं होतं?" ती रागावून बोलती तर मी क्षमा मागून मोकळा झालो असतो. ती हसली, आणि मला काही सुचले नाही.

आता आपल्या मंडळाकडे वळतो. आपण दरवर्षी वधूवर परिचय पुस्तिका काढतो. तिच्यामुळे कित्येक गरीब घरांचा खर्च आणि पायपीट वाचली, हे कोणीही मान्य करील. त्या पुस्तिकेत जन्मतारीख, शिक्षण, उंची यांच्या शेजारी 'वर्ण' असा एक रकाना असतो. माझ्या संग्रही मागील काही वर्षांच्या पुस्तिका आहेत. भाषणाच्या तयारीसाठी मी त्या पुन्हा चाळल्या. त्यांत 'गोरी' आहे, 'निमगोरी' आहे, 'गव्हाळ' तर पानोपानी आहे; 'सावळी' मात्र शोधूनही सापडत नाही. एवढा गहू आपल्या घाटाखाली पिकतही नाही! शेगावच्या पालखीबरोबर पायी पंढरपूर गाठणारी माणसे आपल्यात आहेत. ज्या सावळ्या मूर्तीपुढे ती डोके टेकतात, तिचा अर्ज भरावयाचा झाला तर आपण वर्णाच्या रकान्यात 'गव्हाळ' असेच लिहू. सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यात. १२ जानेवारीस जिजाऊंच्या जयंतीला आपण मुलींना नटवून नेतो. आजवर मी तेथे कितीतरी भाषणे ऐकली. त्या माउलीचा वर्ण कसा होता, हे सांगावे असे एकाही वक्त्याला वाटलेले नाही.

मुलींनो, तुम्ही म्हणाल, गुरुजींचा मोबाईल कोठे गेला? तो आता येतो. पण तो येण्यापूर्वीची ही पूर्वपीठिका सांगणे मला अगत्याचे वाटले. कारण अलीकडे सर्व दोष त्या यंत्रावर टाकून आपण वडील माणसे निर्दोष सुटू पाहतो.

२०१६ च्या सप्टेंबरात स्वस्त इंटरनेट आले आणि वर्षा-दोन वर्षांत ते खेड्यापाड्यांत पोहोचले. २०२० साली साथीमुळे शाळा बंद झाल्या तेव्हा अभ्यासासाठी म्हणून मोबाईल मुलींच्या हाती आपणच दिला. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस सरकारने टिकटॉकवर बंदी घातली; पण पंधरा दिवसही लोटले नाहीत तोच इंस्टाग्रामने आपल्याकडे रील्स सुरू केल्या. ग्रामीण भागातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२३ च्या अहवालात १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींची माहिती आहे. मोबाईल वापरता येणाऱ्यांपैकी शेकडा ९० हून अधिक जणांनी त्या आठवड्यात समाजमाध्यमे पाहिली होती. स्वतःच्या मालकीचा मोबाईल मात्र मुलांत शेकडा ४३.७ जणांपाशी, तर मुलींत शेकडा १९.८ जणींपाशी होता. हा दुसरा आकडा आपण लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडेल.

माझी नात नववीत आहे. तिची संमती घेऊनच हे सांगत आहे. मागील वर्षी एका लग्नात आमच्याच नात्यातल्या एका बाईंनी तिला पाहून म्हटले, "अगं, किती काळवंडलीस! अन् गालही सुटलेत." म्हणणारीच्या मनात काही नव्हते. मी शेजारीच होतो आणि मीही हसलो. त्यानंतर तिने उन्हात जाणे टाळले. मग दूध सोडले, मग रात्रीची भाकरी अर्ध्यावर आली, मग तीही गेली. 'भूक नाही' हे उत्तर ठरलेले. घरात आम्हांला वाटले, अभ्यासाचा ताण असेल. एके दिवशी शाळेच्या प्रार्थनेत ती चक्कर येऊन पडली. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ८ वर आलेले. डॉक्टरांनी तिला एकटीला बसवून बराच वेळ विचारपूस केली आणि नंतर आम्हांस आत बोलावून म्हणाले, "गोळ्या देतो, पण हिच्या मोबाईलमधले फोटो एकदा बघा."

ते फोटो मी पाहिले. शेकड्यांनी होते, आणि त्यांतला एकही चेहरा आमच्या घरचा नव्हता. डोळे मोठे, नाक चिमटीत धरल्यासारखे, हनुवटी टोकदार, कातडी चिनी मातीच्या बशीसारखी. मी विचारले, "ही कोण?" ती म्हणाली, "मीच आहे, आबा. फिल्टर लावलाय." थोड्या वेळाने आपण होऊन म्हणाली, "आता आरशात बघितलं की तिथं दुसरीच कोणी उभी आहे असं वाटतं."

मी यंत्रातील तज्ज्ञ नाही. तथापि त्या दिवसापासून मी नातीलाच गुरू करून हे सारे समजून घेतले, आणि जेवढे समजले तेवढे पालकांसाठी सांगतो. पहिली गोष्ट कॅमेऱ्याची. हात लांबवून स्वतःचा फोटो काढतो तेव्हा मोबाईल चेहऱ्यापासून सुमारे १२ इंचांवर असतो. जवळची वस्तू मोठी दिसते, हा साधा नियम. बैलाच्या तोंडाशी उभे राहून पाहिले तर मुस्कट केवढे आणि शेपटी केवढी दिसेल? तसेच येथे नाक कॅमेऱ्याला सर्वांत जवळ, कान सर्वांत दूर. २०१८ साली अमेरिकेतील वैद्यांनी याचे गणित मांडून प्रसिद्ध केले. ५ फुटांवरून घेतलेल्या छायाचित्राशी तुलना करता १२ इंचांवरून नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसते, असे त्यांना आढळले. म्हणजे ज्या नाकासाठी मुलगी झुरते, ते नाक तिचे नसून अंतराचे आहे. हे गणित मी नातीला टेप घेऊन प्रत्यक्ष करून दाखविले. त्या दिवशी बऱ्याच आठवड्यांनंतर ती माझ्याशी मोकळेपणाने बोलली. भूमितीचा मला आयुष्यात एवढा आनंद क्वचितच झाला असेल.

दुसरी गोष्ट फिल्टरची. ती आपण ऐकलीत. मलकापूरच्या त्या पेन्सिलीचीच ही नात होय. फरक इतकाच की पेन्सिल जन्मात एकदा फिरे आणि हिशेबाने फिरे. हा फिल्टर दिवसातून पन्नास वेळा फुकट फिरतो. शिवाय तेव्हा उजळ छायाचित्र परक्या घरी जाई. आता ते मुलीपाशीच राहते आणि तिला रोज वाकुल्या दाखविते.

तिसरी गोष्ट मात्र या काळाचीच आहे. आठवडी बाजारात चाणाक्ष दुकानदार गिऱ्हाइकाने कोणत्या लुगड्याला हात लावला हे टिपून ठेवतो आणि पुढच्या खेपेस तेच पुढे टाकतो. मोबाईलमधले गणकयंत्र तेच करते. पण ते हात लावण्याचीही वाट पाहत नाही. कोणत्या चित्रावर नजर किती क्षण थांबली, एवढे त्याला पुरते. एखाद्या मुलीने 'वजन कसे कमी करावे' यावर थोडा वेळ घालविला की दुसऱ्या दिवशी तसलीच दहा चित्रे, तिसऱ्या दिवशी वीस. तिला वाटते, साऱ्या जगातील मुली अशाच आहेत, मीच एकटी निराळी. इंस्टाग्राम ज्या कंपनीच्या मालकीचे आहे, तिच्या अंतर्गत कागदपत्रांवरून अमेरिकेतील 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने सप्टेंबर २०२१ मध्ये एक लेखमाला छापली. कंपनीच्याच पाहणीत असे निघाले होते की आपल्या शरीराविषयी ज्या किशोरवयीन मुलींना आधीच वाईट वाटत होते, त्यांपैकी शेकडा ३२ जणींना इंस्टाग्राममुळे ते अधिक वाईट वाटले. ही कागदपत्रे बाहेर आणणाऱ्या फ्रान्सेस हॉगन या बाईंनी पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या सिनेटपुढे साक्ष दिली. कंपनीने या आकड्याचा अर्थ आपल्या परीने निराळा सांगितला, हेही खरे. पण मला त्यातील 'आधीच' हा शब्द अधिक टोचतो. आधी वाईट वाटावयास लावले ते कोणी?

असेच एक उदाहरण फिजी बेटाचे आहे. तेथे अंगाने भरलेली मुलगी चांगल्या घरची मानली जाई. तेथील एका भागात १९९५ साली दूरचित्रवाणी आली. ॲन बेकर या अमेरिकन विदुषीने त्या वर्षी शाळकरी मुलींची पाहणी केली, तेव्हा वजन कमी करण्यासाठी मुद्दाम ओकारी काढणारी एकही मुलगी आढळली नव्हती. १९९८ साली पुन्हा पाहिले तेव्हा शेकडा ११ हून अधिक निघाल्या. अवघी तीन वर्षे, आणि तीही साध्या दूरचित्रवाणीची.

हुशारीने तरी मुलगी सुटते काय? उत्तर प्रदेशात २०२४ साली दहावीच्या परीक्षेत एक मुलगी राज्यात पहिली आली. वर्तमानपत्रांत तिचे छायाचित्र छापून आले, आणि गुणपत्रिका बाजूला ठेवून हजारो लोकांनी तिच्या ओठांवरील लव पाहून तिची टवाळी केली. माझ्यासारख्या मास्तराला आजवर वाटत असे की पहिला क्रमांक मिळाला की मुलीला मागच्या रांगेतून कोणी हटकणार नाही.

आता ज्या भागाविषयी मला सर्वांत जास्त बोलावयाचे आहे, तेथे येतो. उजळण्याचे मलम आपल्या देशात नवे नव्हे. 'फेअर अँड लव्हली' बाजारात आले ते १९७५ साली. आमची पिढी त्याच्या जाहिराती पाहत वाढली. २०२० साली कंपनीने नावातील 'फेअर' काढून 'ग्लो' केले. नाव बदलले, पण मागणी बदलली नाही. आणि या मागणीपोटी नावगाव नसलेल्या डब्यांचा मोठा व्यापार उभा राहिला आहे. आपल्या शेजारच्या अकोल्याची हकीकत २०२३ च्या जानेवारीत वर्तमानपत्रांत आली होती. आपल्यापैकी काहींनी ती वाचलीही असेल. तेथील एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी स्थानिक ब्युटिशियनकडून मिळालेले मलम लावू लागली. चेहरा उजळला. लोक कौतुक करू लागले. ते पाहून तिच्या आईने लावले, थोरल्या बहिणीनेही लावले. काही महिन्यांत तिघींचीही मूत्रपिंडे बिघडली. एकाच घरात तिघींना एकच विकार कसा, या प्रश्नाचा डॉक्टरांनी पाठपुरावा केला. मलम मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाकडे तपासणीस गेले, आणि त्यात पारा निघाला. सौंदर्यप्रसाधनांत नकळत राहून गेलेला पारा दहा लाख भागांत एक भागापेक्षा अधिक असू नये, असा आपल्याकडे नियम आहे. या मलमात तो त्याहून कितीतरी अधिक होता. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यातही अशाच मलमांमुळे मूत्रपिंडाचे अनेक रुग्ण तेथील डॉक्टरांना आढळले.

हे घडते कसे? कातडीला रंग देणारे द्रव्य शरीर स्वतः तयार करीत असते. उन्हापासून रक्षण व्हावे म्हणून निसर्गाने ते दिले आहे. पारा त्या द्रव्याच्या उत्पत्तीतच अडथळा आणतो. म्हणून माणूस खरोखर उजळतो. मलम लबाड नाही, हीच त्यातील भीती आहे. ते सांगितलेले काम करते आणि मग कातडीतून रक्तात शिरून मूत्रपिंडांत जाऊन बसते. काही डब्यांत पाऱ्याऐवजी स्टेरॉइड असते. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये, पण सर्रास घेतले जाते. त्याने कातडी पातळ होऊन चेहरा लालबुंद होतो, पुरळ उठतात, आणि सोडावे तर दाह वाढतो. माता-भगिनींनो, घरी गेल्यावर मुलीच्या कपाटातील डबी एकदा पाहावी. बनविणाऱ्याचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकद्रव्ये तिच्यावर नसली, तर ती डबी कितीही गुणकारी असो, वापरू नये. आणि चेहरा एकाएकी उजळला व त्याच सुमारास पावलांवर सूज दिसली, लघवीला फेस येऊ लागला, तर घरगुती उपायांत दिवस न घालविता लघवीची तपासणी करून घ्यावी. डॉक्टरांना डबीही दाखवावी.

अकोल्याच्या त्या हकीकतीत मला एक वाक्य विसरता येत नाही: लोक कौतुक करू लागले. त्या तिघींना विषाच्या डबीपर्यंत नेले ते कोणा यंत्राने नव्हे. शेजारच्या कौतुकाने नेले.

आहाराविषयी थोडे बोलतो. देशाच्या २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी शेकडा ५९ जणींच्या अंगी रक्त कमी आढळले. म्हणजे मुळातच आपल्या मुलींच्या ताटात जे जावयास हवे ते जात नाही. त्यात मोबाईलवरच्या एखाद्या सडपातळ बाईचे ऐकून ती आणखी अर्धी भाकरी कमी करते. परदेशातील ज्या मुलींची ती नक्कल करते, त्यांचा प्रश्न कदाचित जास्त खाण्याचा असेल. आपल्या मुलींचा तो नव्हे. मुलांविषयीही दोन शब्द बोलणे उचित होते, कारण दंड फुगविण्याच्या भुकट्या आपल्या मोताळ्या-मलकापुरातही मिळू लागल्या आहेत. पण तो निराळा विषय आहे.

मग उपाय काय? हे ऐकून काही वडील मंडळींनी मनात ठरविलेही असेल की आज घरी गेल्यावर मुलीचा मोबाईल काढून घ्यावयाचा. मी त्यांस हात जोडून सांगतो, तसे करू नये. मघाचा आकडा आठवा: पाच मुलींत जेमतेम एकीपाशी स्वतःचा मोबाईल आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षेचे निकाल, नोकरीच्या जाहिराती आज त्याच्यावरच येतात. मुलाच्या हातात तो राहणार आणि मुलीचा तेवढा जाणार, तर ताराबाईंचा प्रश्न पुन्हा तेथेच. आणखी एक भय मला वाटते. मोबाईल गेला की पाठोपाठ 'शाळेत तरी काय दिवे लावते' हे येते, आणि त्यामागून स्थळे येऊ लागतात. ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांची खाती उघडण्यास बंदी करणारा कायदा केला आणि तो डिसेंबर २०२५ पासून अंमलात आला. आपल्याकडेही २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांची संमती आवश्यक धरली आहे. सरकारांनी करावयाचे ते सरकारे करोत. परंतु ती बंदी कंपनीवर आहे. मुलीला शिक्षा म्हणून नव्हे.

आमच्या घरी आम्ही एवढेच केले की रात्रीच्या जेवणाला सर्वांचे मोबाईल, माझ्यासह, ओट्यावरच्या फडताळात जातात. घरात कोणाच्याही रंगावर, अंगावर बोलावयाचे नाही, थट्टेनेही नाही. हे दुसरे पाळणे पहिल्याहून अवघड गेले. माझ्या पत्नीने पहिल्या आठवड्यात सात वेळा जीभ चावली. नातीची भाकरी हळूहळू परत आली, हिमोग्लोबिन चढण्यास मात्र पाच महिने लागले. ज्या घरी मुलगी खाणेच टाकते, खोलीबाहेर येत नाही, स्वतःला इजा करण्याची भाषा बोलते, त्या घराने संकोच न धरता डॉक्टरांकडे जावे. सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येते.

आता मंडळाच्या पुस्तिकेकडे परत येतो. कार्यकारिणीतील एका ज्येष्ठ स्नेह्यांपाशी मी हा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी, रकाना काढला तरी लोक फोनवर विचारणारच. मग आपणच छापले तर काय बिघडले?" त्यांचे म्हणणे मी टाकाऊ मानीत नाही. लोक विचारतीलच. हुंडाही लोक मागतातच; म्हणून आपण पुस्तिकेत हुंड्याचा रकाना छापला नाही. लग्ने जुळविणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने २०२० साली लोकांनी हरकत घेतल्यावर वर्णानुसार निवड करण्याची सोय काढून टाकली. त्यांचा तो धंदा होता, तरी त्यांनी ती काढली. आपला तर धंदाही नव्हे. कोणी फोनवर विचारले तर विचारो; उत्तर द्यावयाचे की नाही हे त्या मुलीचे घर ठरवील. पण चौदा-पंधरा वर्षांची मुलगी जेव्हा आपल्या ताईची माहिती आली म्हणून कौतुकाने ती पुस्तिका उघडते, तेव्हा समाजाच्या नावाने छापलेला तो रकाना ती वाचते आणि आपले नाव तेथे कसे भरले जाईल याचा विचार त्याच दिवशी सुरू करते. मोबाईल नंतर येतो.

दिवाळीत बहीण माहेरी आली होती. आता तिने सत्तरी ओलांडली आहे. नातीने जुनी पेटी उपसली, तीत मलकापूरचे ते छायाचित्र निघाले. नातीने विचारले, "आबा, ही कोण?" मी काही बोलण्यापूर्वी बहिणीने चष्मा लावून ते हातात घेतले, उजेडाकडे धरले, आणि म्हणाली, "कोण की बाई. मी तर नव्हे." नातीने निरखून पाहिले आणि ओरडली, "आजी, हा तर फिल्टर!" मग तिला पेन्सिलीची सारी गोष्ट सांगावी लागली, ओल्या पदराचीही. त्या दोघी त्या रात्री बराच वेळ ओसरीवर बोलत बसल्या होत्या. मला तेथे बोलाविले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, अंगणात, कोवळ्या उन्हात, सुमारे पाच फुटांवरून नातीने आपल्या आजीचा एक फोटो काढला. बहीण कोणाच्या आड उभी राहिली नाही.

पुढील वर्षाच्या पुस्तिकेच्या अर्जाचा नमुना कार्यवाहांनी मला दाखवावयास दिला होता. तो मी बरोबर आणला आहे. 'वर्ण' या रकान्यावर मी पेन्सिलीने एक आडवी रेघ ओढून ठेवली आहे. ती पुसावयाची की शाईने पक्की करावयाची, हे दुपारच्या सर्वसाधारण सभेत आपण ठरवावयाचे आहे. अर्ज अध्यक्ष महाराजांच्या स्वाधीन करतो आणि आपली रजा घेतो.